वहीतले तांबडे ठिपके

या, असे जरा जवळ सरकून बसा. खांबाला टेकलात तरी चालेल, पण मला तुमचे डोळे दिसले पाहिजेत. जन्मभर कीर्तनं ऐकून तेवढी एक खोड लागली आहे. मघाशी तुमच्यातल्या कुणीतरी विचारलं, सर, लेख इंग्रजीत द्यावा की मराठीत? त्याचं उत्तर मला येत नाही. गोष्ट येते. तिच्यात एक देऊळ आहे, चार जुन्या वह्या आहेत आणि एक अशी बाई आहे, जिच्यापुढं मी, सत्तावीस वर्षं पोरांना मराठी शिकवलेला माणूस, भर दुपारी उभ्या उभ्या नापास झालो.

बारा वर्षांपूर्वीचा अधिक महिना. बोरसांगवीचं राममंदिर. दुपारचे चार वाजत आलेले. मथूताई सेलूकरांच्या कीर्तनाचा पूर्वरंग नुकताच संपला होता. पेटी थांबली, तबलजीनं हातांना पावडर लावून घेतली, गुरव बुक्का आणि हार घेऊन पुढं आला. मथूताईंनी बुक्का लावून घेतला, पण हार गळ्यात घातलाच नाही. तो हातात धरून त्या सभामंडपाकडं बघत राहिल्या.

"आज उत्तररंग मी करणार नाही," त्या म्हणाल्या.

मंडपात चुळबूळ झाली. "काय झालं ताई? घसा बसला काय?" बायकांतून कुणीतरी विचारलं.

"घसा ठणठणीत आहे. पण आज आपल्यात डिग्रसकर सर बसलेत. आमच्या अंबाक्कांच्या वह्यांवर त्यांनी इंग्रजीत लेख लिहिलाय. सातासमुद्रापलीकडं छापून येणार आहे म्हणे. म्हटलं, तिकडं जायच्या आधी इथं होऊन जाऊ द्या. उठा सर."

मी पायांवरची शाल उगाच सारखी केली. "ताई, मी काय बोलणार? मी ऐकणारा माणूस."

"लिहिताना बोललातच ना? तेच इथं बोला. गादीवर उभे राहू नका, खांबापाशी राहा. पण एक आहे. नेम आमचाच."

तो नेम मला पुरता ठाऊक होता. बोरसांगवीच्या कीर्तनात बोलणारानं आख्यान संपवताना शेवटच्या रांगेला विचारायचं, "पोचलं का?" पायऱ्यांजवळ, चपलांच्या शेजारी जी रांग बसते, तिनं "पोचलं" म्हटल्याखेरीज आरती लागत नसे. "नाही पोचलं" असं आलं तर पुन्हा सांगायचं, वेगळ्या शब्दांत. मी हे वीसेक वर्षं बघत होतो. गोड वाटायचं. त्यापलीकडं मी त्याचा कधी विचार केला नव्हता.

आता लेखाचंही सांगायला हवं, नाहीतर मी उठायला का कचरलो ते तुम्हाला कळायचं नाही.

अंबाक्का म्हणजे मथूताईंची आत्या आणि गुरू. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्या काळात बाईनं गादीवर उभं राहणं म्हणजे गावाचा रोष ओढवून घेणं, आणि या बाईनं पन्नास वर्षं कीर्तन केलं. त्यांच्या हातच्या चार वह्या मथूताईंनी माझ्या हवाली केल्या होत्या. आख्यानं चारही वह्यांत तीच. एक वही जीर्ण झाली की अक्का दुसरी लिहून काढत असाव्यात, असं मी धरून चाललो होतो. आणि सगळ्या वह्यांच्या समासात जागोजाग तांबडे ठिपके. बोटाच्या पेराएवढे, थोडे फिसकटलेले. मी मथूताईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "अक्कांच्या वेळेपासून आहेत. कसले ते विचारायचं मला कधी सुचलं नाही. मी तेव्हा झांजा वाजवायची, माझं लक्ष प्रसादाकडं."

एरवी मी हे सगळं मराठीत लिहिलं असतं आणि आमच्या 'गंगाथडी' त्रैमासिकाला पाठवलं असतं. माझे चव्वेचाळीस लेख तिथंच आलेले. गावोगावचे शिक्षक वाचायचे, पोस्टकार्डं यायची, "तुमची तिथी चुकली" म्हणून भांडायचीसुद्धा. पण त्या वर्षी बढतीसाठी मान्य नियतकालिकांची नवी यादी आली आणि 'गंगाथडी' त्यातून गळालं.

आमचे उपप्राचार्य शेषराव भूगोलाचे, पण कॉलेजातल्या सगळ्या फायली त्यांच्या कपाटात. मला बोलावून त्यांनी माझी फाईल टेबलावर उघडली.

"पुरुषोत्तमराव, तुमचे लेख किती?"

"चव्वेचाळीस."

"यादीप्रमाणे किती?"

"तुम्हीच सांगा."

"दोन. तेही चर्चासत्रात चहाच्या वेळेला वाचलेले." शेषराव मिश्कील हसले. "वयाच्या अटीत बसणारी प्रोफेसरपदाची ही शेवटची मुलाखत. एक लेख, फक्त एक, इंग्रजीत, यादीतल्या नियतकालिकात. त्या कीर्तनातच किती दिवस डोलत बसणार? तेच लिहा की इंग्रजीत. देव काय, कुठल्याही भाषेत पावतो."

मला ते पद हवं होतं, खोटं कशाला बोलू? माझे वडील त्याच कॉलेजात शिपाई होते. तासाची घंटा त्यांच्या हातची. पोराच्या नावापुढं ते पद लागावं म्हणून ते शेवटच्या आजारातही विचारायचे, "झालं का रे?" ते गेल्यावरही तो प्रश्न घरात राहिला होता.

म्हणून मी लिहिलं. पहिल्यांदाच थेट इंग्रजीत. आणि सांगतो, त्यात एक नशा होती. मराठीत लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं मुरुम गावचा एक म्हातारा शिक्षक असायचा, भांडणारा. इंग्रजीत लिहिताना कुणीच नव्हतं. शब्द आपले आपण येऊन बसायचे, मोठमोठे, एकमेकांना मान देत. त्या ठिपक्यांचं मी काय केलं? म्हटलं, या श्वासाच्या खुणा. दक्षिणेकडच्या हस्तलिखितांत कुठंतरी असलं काही वाचलं होतं, त्याच्याशी धागा जोडला. गुरूकडून शिष्येकडं गुप्तपणे आलेली, फक्त बायकांनी जपलेली श्वासाची विद्या! लेख पाठवला. नियतकालिकाच्या परीक्षकांना ते फार आवडलं. त्यांनी एकच सुचवलं: शेवटच्या रांगेच्या नेमाबद्दलचा परिच्छेद गाळावा, तो ऐकीव आहे आणि विषयाशी त्याचा संबंध दिसत नाही. मी गाळला. लेख स्वीकारला गेला. छपाईआधीची अंतिम प्रत तपासायला आली होती आणि ती परत पाठवायला चार दिवस उरले होते. त्या चार दिवसांतला पहिला दिवस म्हणजे ती दुपार.

तर मी खांबापाशी उभा राहिलो. समोर दीडशे माणसं. मनातल्या मनात माझ्या लेखाचं पहिलं वाक्य मराठीत आणायला गेलो आणि ते येईना. त्यातले अर्धे शब्द दारातच अडले म्हणा ना. मग दुसरं घेतलं. तिसऱ्याला कुठं जमलं. वर्गात बोलतो तसं रेटत रेटत मी दहाएक मिनिटं बोललो: अक्कांची थोरवी, वह्या, ठिपके, श्वास, परंपरा. पुढच्या रांगेतले दोन निवृत्त मास्तर माना डोलवत होते, त्यामुळं धीर आला. शेवटी हात जोडले.

मथूताई म्हणाल्या, "विचारा."

मी पायऱ्यांकडं बघून विचारलं, "पोचलं का?"

मग चपलांच्या बाजूनं एक बारीक, खणखणीत आवाज आला.

"न्हाई पोचलं."

लोक हसले. मी मान उंच करून बघितलं. भिंतीला पाठ लावून एक म्हातारी बसली होती, ऐंशीच्या पुढची, काळीसावळी, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. ती गिरजामाय. देवळाच्या पायरीवर हळदीकुंकवाच्या पुड्या विकायची. आता विकणं थांबलं होतं, पण बसायची जागा तीच.

"कुठपर्यंत पोचलं, माय?" मी विचारलं.

"वह्यांपर्यंत पोचलं. फुडं तुमी ठिपक्यावर आलाव, तितं गाडी अडली."

"बरं. ते ठिपके म्हणजे श्वास घ्यायच्या खुणा. कीर्तन करताना कुठं थांबायचं, कुठं श्वास भरून घ्यायचा, ते अक्कांनी..."

"म्हंजे दम खायच्या खुणा?"

"हो, तसंच म्हणा."

"अक्काला दम लागत न्हवता, मास्तर. तीन-तीन तास उभी ऱ्हायची. दम मला लागायचा, ऐकता ऐकता."

आता मंडप चांगलाच हसला. मीही हसलो, मोठेपणानं. "मग तुम्हाला काय वाटतं माय, ते ठिपके कशाचे असतील?"

"वाटायचं काय त्यात? ते माझे हायेत."

हसणं थांबलं. मथूताई गादीवरून दोन पावलं पुढं आल्या. "काय म्हणालीस गिरजामाय?"

"माझे हायेत म्हनलं. मला लिवता येत न्हाई, तुला ठावं हाय. कीर्तनात मी न्हाई पोचलं म्हनायची, तवा अक्का तितंच दुसऱ्या शब्दात सांगायची. पर तिचं समाधान होत नसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर माझ्यापाशी वही घेऊन बसायची. ओळीवरून बोट फिरवत सगळं हळूहळू वाचायची अन् म्हनायची, गिरजे, जितं अडलं तितं कडंला बोट ठिव. मी ठिवायची." तिनं उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं. "कुंकू विकायची ना मी. बोट तांबडंच असायचं."

पाटावरच्या समईच्या वातीची चरचर ऐकू येत होती.

"अन् मग अक्का काय करायची?" मथूताईंचा आवाज मला ओळखू आला नाही.

"घरी जाऊन तेवढं बदलून लिवायची. नव्या वहीत. पुन्हा आनायची. पुन्हा अडलं तर पुन्हा बोट." गिरजामायनं पदर सारखा केला. "आता पोचलं का मास्तर?"

मी "पोचलं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मथूताईंनी हातातला हार बघितला. तो घेऊन त्या गादीवरून उतरल्या, दीडशे माणसांतून वाट काढत पायऱ्यांपाशी गेल्या आणि गिरजामायच्या गळ्यात घातला. ती म्हातारी लाजून म्हणाली, "आगं, येडी का काय! आरती लाव, माझा गुडघा दुखायलाय." आणि आरती लागली.

घरी येऊन मी कपडेही बदलले नाहीत. चारही वह्यांच्या छायाप्रती जमिनीवर पसरल्या. पहिल्या वहीत ठिपक्यांच्या ओळी एक्केचाळीस. प्रत्येक ओळ दुसऱ्या वहीत शोधली. अडतीस ठिकाणी ओळ बदललेली. लांब वाक्य मोडून दोन केलेली. संस्कृत शब्दाच्या जागी घरातला शब्द आलेला. एका ठिकाणी मायेचं तत्त्वज्ञान सबंध काढून टाकून तिथं दुधावरच्या सायीचा दृष्टांत. दुसऱ्या वहीत ठिपके सतरा, तिसरीत सहा. चौथीत एकच. हे ओळींतले फरक मला आधीही दिसले होते, बरं का. लेखात मी त्यांना पाठभेद म्हणून एका तक्त्यात टाकलं होतं, ठिपक्यांपासून चार पानं लांब.

सकाळी मी शेषरावांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. ते चहाचा कप हातात धरून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हातारी गोड आहे."

"शेषराव, लेख चुकलाय."

"छापून येऊ द्या. मग दुरुस्ती लिहा. मराठीत लिहा हवी तर, तुमच्या त्या गंगाथडीत."

"माहीत असून चुकीचं छापू?"

"हे बघा," त्यांनी कप ठेवला, "तो लेख तिकडं किती जण वाचतील? बारा? बोरसांगवीतला त्यातला एकही नाही. गिरजामाय इंग्रजी वाचणार आहे का? तिला कधी कळणार?"

"तेच तर. तिला कळणार नाही म्हणूनच मी ते लिहू शकलो."

माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "पुरुषोत्तमराव, तुमच्या वडिलांनी माझ्यादेखत विचारलं होतं तुम्हाला, झालं का म्हणून. मुलाखत सोमवारी आहे. मी शत्रू नाही तुमचा."

"ठाऊक आहे मला."

"मग? काय करताय?"

मी त्यांच्याच संगणकावर बसलो आणि संपादकांना पत्र लिहिलं. चारच ओळी. लेखातला मुख्य निष्कर्ष चुकीचा असल्याचं मला काल समजलं. ज्या व्यक्तीच्या त्या खुणा आहेत ती हयात आहे. लेख मागं घेतो. तसदीबद्दल क्षमा असावी. पाठवायच्या कळीवर बोट ठेवलं, तेव्हा वडिलांचा घंटेवरचा हात आठवला. दाबलं. शेषरावांनी माझ्यासाठी दुसरा चहा मागवला आणि फाईल कपाटात ठेवून दिली.

त्या सोमवारी कुणाची निवड झाली ते सांगायची गरज नाही. मी पुढं पाच वर्षं नोकरी केली आणि होतो त्याच पदावर निवृत्त झालो. वडिलांच्या फोटोपुढं बरेच दिवस उभा राहिलो नाही. नंतर राहायला लागलो.

लेख पुन्हा लिहिला, मराठीत. लिहून झाल्यावर पायरीवर गिरजामायपाशी जाऊन बसलो. वाचायला लागलो. पहिल्या पानावर तिनं बोट उचललं.

"हे काय म्हनलाव?"

मी सांगितलं.

"मग असंच लिवा ना, आत्ता बोललाव तसं."

असं नऊ ठिकाणी झालं. दुसऱ्या खेपेला चार ठिकाणी. तिसऱ्या खेपेला तिनं बोट उचललंच नाही. संपल्यावर मी विचारलं, "पोचलं का?"

"पोचलं," ती म्हणाली. "अक्काचं बोलनं ऐकल्यागत झालं. पर त्या मधल्या पानात तुमी माझी लई स्तुती केलीव. ती काढा. तितंच गाडी अडते."

काढली. 'गंगाथडी'त लेख आला. बावीस पोस्टकार्डं आली, आणि मुरुमच्या शिक्षकांचं एक, त्यात पहिल्यांदाच चूक दाखवलेली नव्हती. इंग्रजी नियतकालिकाच्या संपादकबाईंचंही उत्तर आलं, सात महिन्यांनी. लिहिलं होतं, मागं घेतलेले लेख पुष्कळ पाहिले, कारण असं पहिल्यांदाच पाहिलं. तयार होईल तेव्हा पाठवा. मग मी तोच मराठी लेख समोर ठेवून इंग्रजीत आणला. या खेपेला वाक्यं लहान आली. गाळलेला परिच्छेद सुरुवातीलाच घेतला. कुणी गाळायला सांगितलं नाही. मोठ्या शब्दांवर हात जायचा तेव्हा बाहेर पायरीवर कुणीतरी बसलंय असं वाटायचं.

लेख पाठवताना संगणकावर एक तक्ता भरायचा असतो. लेखकाचं नाव, संस्था, पत्ता. मी माझं नाव भरलं. खाली विचारलं होतं, आणखी लेखक आहेत का. मी 'हो' केलं. गिरजाबाई किसन कासार. संस्थेच्या चौकटीपाशी बराच वेळ अडलो. रिकामी सोडली तर तक्ता पुढं सरकेना. शेवटी लिहिलं: शेवटची रांग, राममंदिर, बोरसांगवी.

लिहिणं, तपासणं, छपाईची वाट बघणं, असं करत सहा वर्षांनी ते तसंच छापून आलं. यादीच्या गुणांत त्याचा मला उपयोग नव्हता, तोवर मी निवृत्त झालो होतो. अंक घेऊन मी बोरसांगवीला गेलो, तेव्हा गिरजामाय जाऊन अठरा दिवस झाले होते. मथूताईंनी अंक गादीवर ठेवून बुक्का वाहिला. त्या दिवशीच्या कीर्तनात शेवटी त्यांनी विचारलं, "पोचलं का?" आणि चपलांपाशी कुणीच बोललं नाही. आम्ही सगळे वाट बघत बसलो. मग मी माझी पुढची जागा सोडून उठलो, मागं जाऊन भिंतीला पाठ लावून बसलो आणि म्हणालो, "पोचलं." तेव्हापासून मी तिथंच बसतो. आताही आपण बसलोय ती भिंत तीच.

तर बाळांनो, तुम्ही लिहा. इंग्रजीत लिहा, मराठीत लिहा, तुमच्या त्या मोबाईलवर लिहा, यादीत बसेल तिथं खुशाल पाठवा. तुमच्याही घरी कुणी "झालं का रे" विचारणारं असेल. माझं एवढंच मागणं आहे. लिहून झालं, की पाठवायच्या आधी क्षणभर थांबा आणि कुंकवानं तांबडं झालेलं एक बोट आठवा. गिरजाबाई किसन कासार, बोरसांगवी. तिचं नाव विसरू नका.